लागलं, लागतं, लागेल



इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या पोरांना मोठे शब्द छळत नाहीत. मोठा शब्द एकदा पाठ केला की गपगुमान एका जागी बसतो. छळतात ते लहान शब्द, आणि त्यातला पहिल्या नंबरचा ‘गेट’. पत्र मिळालं तरी गेट, आजारी पडलं तरी गेट, बसमध्ये चढलं तरी गेट, उतरलं तरी गेट, आणि बोलणं डोक्यात शिरलं तरी गेटच. मास्तरांनी एक अर्थ फळ्यावर लिहावा आणि पुढच्याच धड्यात त्या शब्दानं वेगळा सदरा घालून यावं. गंमत म्हणजे हा शब्द इंग्रजांच्या घरचाही नाही. हजारेक वर्षांपूर्वी उत्तरेकडून जहाजांतून आलेल्या लोकांच्या बोलीतून तो इंग्रजीत आला आणि असा रुजला की आज त्याच्यावाचून इंग्रजाचं पान हलत नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा त्यातली सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ या एवढ्याशा क्रियापदाची होती. शब्द जेवढा लहान तेवढा त्याचा संसार मोठा, असं काहीसं दिसतं.

मी अंबाजोगाईला बी.ए. करत होतो. इंग्रजीच्या तासाला शेजारी बसणारा एक मित्र एकदा वैतागून म्हणाला, ‘आपल्या मराठीचं बरं आहे बाबा. एका शब्दाला एक अर्थ.’ तो हे म्हणाला तेव्हा त्याला भूक लागली होती, स्टँडवर त्याच्या गावाची एसटी लागली होती, घरी पोचायला पाऊण तास लागणार होता, आणि इंग्रजीचा निकाल कसा लागेल याची काळजी लागली होती. एवढी कामं एकटं क्रियापद करत होतं आणि त्याचा त्याला पत्ताही लागला नव्हता.

आपल्या भाषेतलं ‘गेट’ म्हणजे हे ‘लागणे’. मोल्सवर्थसाहेबांनी मराठी पंडितांना हाताशी धरून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला, १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. तो चाळताना ‘लागणे’पाशी आलं की वाचणाऱ्याला दम लागतो. पुढे दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आला, तिथेही तीच गत. कोशकारांचा यात दोष नाही. त्यांनी पकडायला हात घातला तो शब्दच पाऱ्यासारखा.

मूळ मात्र साधं आहे. संस्कृतात ‘लग्’ म्हणजे चिकटणं, टेकणं. त्याचं प्राकृतात ‘लग्ग’ झालं, मराठीत ‘लाग’ झालं. हिंदीतलं लगना, गुजरातीतलं लागवुं, बंगाल्यांचं लागा ही सगळी सख्खी भावंडं. एक वस्तू दुसरीला टेकली, झालं. आग लाकडाला टेकली, आग लागली. दगड पायाला टेकला, ठेच लागली. शेताला शेत टेकलं की म्हणतो, त्यांचं आमचं लागून आहे. याच मुळाचं संस्कृतातलं भूतकाळी रूप ‘लग्न’. पूर्व क्षितिजाला ज्या घटकेला जी रास टेकलेली असते तिला जोतिषी लग्न म्हणतात, आणि ती घटका साधून जे उरकायचं त्यालाही लग्न हेच नाव पडलं. तेव्हा आपण ‘लग्न लागलं’ म्हणतो त्यात एकच धातू दोनदा येतो, नवरा-नवरीसारखा शेजारी शेजारी. आमच्याकडे निकाह पढवला जातो. पण घाटनांदुरात माझ्या वडिलांचे दोस्त पत्रिका हातात घेऊन विचारायचे, ‘निकाह किती वाजता लागणार?’ आणि वडीलही सांगायचे, ‘असरच्या नमाजनंतर लागंल.’ त्यात कुणालाच काही वेगळं वाटायचं नाही. हळद तर आमच्याही पोरींना लागते.

जुन्या ओव्यांमध्ये ‘मजलागी’, ‘तुजलागी’ अशी रूपं येतात. मजलागी म्हणजे मला, माझ्यासाठी. आपला आजचा ‘ला’ हा प्रत्यय या ‘लागी’चाच झिजलेला तुकडा असावा, असं काही भाषापंडितांनी म्हटलं आहे. सगळ्यांचं त्यावर एकमत नाही. पण ते खरं धरलं तर ‘मला लागलं’ या दोनच शब्दांच्या वाक्यात पुन्हा तोच धातू दोनदा आला. मला हे खरं असावंसं वाटतं, कवीच्या हट्टानं.

आता आमच्या गावाकडे या. लातूर रोडहून रेल्वेनं परळीकडे निघालात की वाटेत घाटनांदूर लागतं. बघा, गाव जागचं हललेलं नाही, चालली आहे ती गाडी, आणि तरी गाव येऊन तुम्हाला लागलं! स्टेशनात उतरलात की फलाटाला दुसरी गाडी लागलेली असेल. आणि एखादी पोरगी खिडकीशी पदर तोंडाला लावून बसली असेल, तिलाही गाडी लागलेली असेल. एक गाडी लागली की माणसं धावतात आणि दुसरी लागली की लिंबू शोधतात. परभाषेच्या माणसाला हे समजावून सांगायला किती वेळ लागेल ते देव जाणे.

पाण्याचं तसंच. आमचा भाग कोरडा. बोअरवाल्याचं यंत्र रात्रभर घरघरतं आणि गल्लीतली माणसं झोपत नाहीत, कारण पाणी लागतंय की नाही ते कळायचं असतं. लागलं तर पेढे, नाही लागलं तर कर्ज. तेच पाणी परगावी गेलेल्या पोराला ‘लागलं’ तर तो आजारी पडतो. आणि चूळ भरली तर खारट लागतं. झाडाला बोरं लागतात, शेंगेला दाणे लागतात, आणि त्याच झाडाला वाळवीही लागते. ऊस लावायचा तर त्याला साखरपट्ट्यात ‘लागण’ म्हणतात, आणि रोग पसरला तर त्यालाही ‘लागण’च. २०२० साली रोज सकाळी पेपरात लागण, लागण असा मथळा असायचा. आमच्या गल्लीतले एक म्हातारे चाचा, आयुष्य पश्चिम महाराष्ट्रात उसात गेलेलं, ते म्हणाले, ‘एवढी लागण होतीय तर पाणी कुठून आणणार?’ त्यांनी विनोद केला की खरंच विचारलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शरीराकडे वळलं तर हा शब्द फार हळवा होतो. डोळा लागला म्हणजे झोप लागली. डोळे लागले म्हणजे झोप उडाली, कुणाच्या तरी वाटेकडे नजर खिळली. एक डोळा लागला तर विसावा, दोन्ही लागले तर काळजी. व्याकरणाच्या पुस्तकात एकवचन-अनेकवचनाचा तक्ता असतो, त्यात हे कुठे लिहिलेलं नसतं. आणि वाट लागणं बघा. माणूस वाटेला लागला म्हणजे चालू पडला, मार्गी लागला म्हणजे त्याचं भलं झालं, आणि त्याची वाट लागली म्हणजे सगळं संपलं. वाट तीच.

नात्यांत तर हे क्रियापद मला सगळ्यांत आवडतं. इंग्रजीत मामा नुसता असतो, आपल्याकडे मामा ‘लागतो’. तो तुझा कोण लागतो? मी तुझी मावशी लागते. नातं म्हणजे काहीतरी येऊन टेकलेलं, चिकटलेलं. आमच्यासारख्या गावात ते रक्ताच्या पलीकडेही चिकटतं. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका म्हाताऱ्या मावशींना घेऊन मी लातूरच्या दवाखान्यात गेलो होतो. खिडकीतल्या पोरानं त्यांचं नाव लिहून घेतलं, माझं लिहून घेतलं, दोन्ही नावांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि विचारलं, ‘तुम्ही यांचे कोण लागता?’ त्याच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं, फॉर्मात रकाना होता. पण मी क्षणभर अडखळलो. शेजारी म्हणावं तर ते खरं होतं आणि पुरेसंही नव्हतं. तेवढ्यात खुर्चीतून मावशीच म्हणाल्या, ‘लेकरू लागतंय माजं. लिही बाबा.’ पोरानं लिहिलं. त्या दवाखान्याच्या दप्तरात नात्याच्या रकान्यात मी अजून मुलगा असेन.

मात्र ‘तो तुझा कोण लागतो?’ हाच प्रश्न कधी कधी वेगळ्या आवाजात विचारला जातो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. मग त्याचं उत्तर रकान्यात मावत नाही. त्यावर आज बोलत नाही.

सरकार नावाच्या गोष्टीला हे क्रियापद फार प्रिय. रहिवासाचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो, जातीचा लागतो, आणि हे सगळे काढायला आधी आणखी एक कागद लागतो. आचारसंहिता लागते, जमावबंदी लागते, एखाद्याला कलम लागतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. नोकरीही आपल्याकडे लागतेच. ‘पोरगं नोकरीला लागलं’ म्हणताना बापाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते ‘पोराला नोकरी मिळाली’ या वाक्यात येत नाही. मिळालेली वस्तू हातात असते, लागलेली अंगाला असते. तो लागला म्हणजे चिकटला, आता निवृत्तीपर्यंत चिंता नाही. त्या लागण्यासाठी काय काय लागतं, किती लागतं, ते गावोगावच्या बी.एड. झालेल्या पोरांना विचारा. तेही हेच क्रियापद वापरून सांगतील.

आमच्या घरात दखनी बोलली जाते. शाळेत मराठी, घरात दखनी, मदरशात थोडी उर्दू. त्यामुळे ‘लगना’ आणि ‘लागणे’ ही दोन भावंडं लहानपणापासून माझ्या अंगणात एकत्र खेळली. एकसारखी दिसतात, पण स्वभाव वेगळे. घरात आम्ही म्हणतो, डर लगता, अच्छा लगता, थंडी लगती. मराठी म्हणते, भीती वाटते, बरं वाटतं, थंडी वाजते. थंडी वाजते म्हणणारी भाषा किती सुंदर कान घेऊन जन्मली असेल! माझी एक भाची शहरात मराठी शाळेत जाते. तिनं निबंधात लिहिलं, ‘मला अंधाराची भीती लागते.’ बाईंनी लाल शाईनं गोल करून ‘वाटते’ लिहिलं. बाईंचं बरोबरच आहे, नियम तसाच आहे. पण मी नियमाच्या मागे काय आहे ते शोधू लागलो.

मराठीत वाटतं ते घडीभराचं. राग येतो आणि जातो. पण काळजी लागते, ओढ लागते, वेड लागतं, लळा लागतो, सवय लागते, नाद लागतो. जे लागतं ते येऊन जात नाही, ते राहतं. जायचंच झालं तर ते ‘सुटतं’. लागणेची खरी जोड ‘सुटणे’शी. गाडी लागते आणि सुटते. सवय लागते आणि सुटते. दारू लागते, ती मात्र सहसा सुटत नाही. या हिशोबानं माझ्या भाचीचं वाक्य मला फारसं चुकलेलं वाटत नाही. तिची अंधाराची भीती घडीभराची नाही, दिवा लावल्याशिवाय ती पोरगी संडासालाही जात नाही. भीती तिला लागलेलीच आहे. पण बाईंशी भांडायला मी गेलो नाही. परीक्षेचा निकाल बाई लावतात.

देवाणघेवाण उलट दिशेनंही झाली. उत्तरेकडचा माणूस म्हणतो, बाजार जाना पडता है. आमची अम्मी म्हणायची, ‘बजारकू जाना लगता.’ हे ‘जाना लगता’ सरळ मराठीच्या ‘जावं लागतं’वरून उचललेलं. लखनौच्या पाहुण्याला ते ऐकून काहीच उमगायचं नाही, त्याला वाटायचं बाई कुठे तरी जातेय असा भास होतोय. अम्मीला मराठी वाचता येत नव्हतं. पण सक्तीचा शब्द तिनं मराठीकडून घेतला. सक्ती शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबरच अनुभवलेली होती, त्यामुळे असेल. १९७२ च्या दुष्काळात सगळ्या गल्लीबरोबर तीही खडी फोडायला गेली होती, आणि ती गोष्ट ती नेहमी ‘जाना लगा’ अशीच सांगायची.

इथे मला या क्रियापदाची खरी करामत सांगायची आहे. दोन वाक्यं ऐका. ‘तो जाऊ लागला.’ ‘त्याला जावं लागलं.’ पहिल्यात माणूस स्वतः उठला, त्यानं पाऊल उचललं, सुरुवात केली. दुसऱ्यात तोच माणूस, तेच जाणं, तेच लागणं. फरक एवढाच की ‘तो’चा ‘त्याला’ झाला आणि ‘जाऊ’चं ‘जावं’ झालं. आणि तेवढ्यात माणसाच्या हातातली दोरी दुसऱ्याच्या हातात गेली. हिंदीत यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत, जाने लगा आणि जाना पडा. आपण एकावरच भागवतो. इंग्रजीतल्या त्या ‘गेट’नं मात्र अगदी हेच केलं आहे. ‘गॉट गोइंग’ म्हणजे चालू लागला आणि ‘गॉट टु गो’ म्हणजे जायलाच हवं. दोन भाषांमधल्या या दोन लहान शब्दांची कधी भेट झालेली नाही. तरी सुरुवात आणि सक्ती दोघांनीही एकाच खुंटीला टांगली. का टांगली असेल यावर मी पुष्कळ विचार केला. काम अंगाला चिकटलं की आपण ते सुरू करतो, आणि चिकटलेलं झटकता आलं नाही की ते करावं लागतं. एवढंच सुचलं. याहून चांगलं कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

दुसऱ्या वाक्याची आणखी एक खोड आहे. ‘त्याला जावं लागलं’ यात पाठवलं कुणी, ते कुठेच येत नाही. व्याकरणाला त्याची गरजच पडत नाही. वाक्य पूर्ण होतं, कानाला गोड लागतं, आणि सक्ती करणारा वाक्याच्या बाहेर आरामात बसून राहतो.

बीड जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे वाक्य दरवर्षी दसऱ्यानंतर ऐकू येतं. ‘ऊसतोडीला जावं लागतं.’ लाखो माणसं जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे दोन माणसं मिळून एक हत्यार. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात. मग पाळीचे दिवस असोत, पोटात दुखत असो, पहाटे फडात उभं राहावं लागतं.

जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. वर्तमानपत्रांत पुष्कळ आलं, ते तुम्ही वाचलं असेल. मला त्याच्या आधीपासून माहीत होतं ते एक वाक्य. ओट्यावर बसलेल्या बाया ते अगदी सहज म्हणतात, भाजी निवडता निवडता. ‘पिशवी काढावी लागली.’ पिशवी स्त्रीलिंगी, म्हणून काढावी लागली. वाक्य बिनचूक आहे. त्यात काढणारा डॉक्टर नाही, मुकादम नाही, कारखाना नाही, खाडा नाही, ती बाईसुद्धा नीट नाही. फक्त पिशवी आहे आणि लागणं आहे.

मी एकीला विचारलं होतं, का काढावी लागली? ती म्हणाली, ‘खाडा झाला की पैसे लागतेत भाऊ.’ मग जाताच कशाला? ‘उचल घेतल्याली.’ कुठे गेली उचल? ‘पोरीच्या लग्नाला लागली.’ पोरीचं वय काय होतं? यावर ती हसली आणि म्हणाली, ‘मागं कुणाजवळ ठिवायची? सोबत न्यावं तर फडात जिवाला घोर लागतो.’ मी ज्या ज्या प्रश्नाचं टोक धरून पुढे गेलो तिथे शेवटी हेच क्रियापद उभं. मोल्सवर्थांनी एकाखाली एक अर्थ लावून ठेवले आहेत. या बाईनं ते एकाला एक जोडून दाखवले.

त्यानंतर एक सवय मला लागली आहे. कुणी ‘करावं लागलं’ म्हटलं की मी विचारतो, कुणामुळे? कवितेतही विचारतो, ग्रामपंचायतीतही विचारतो. माणसं चिडतात. ‘कुणामुळे म्हंजे काय? लागलं म्हंजे लागलं.’ एकदा मात्र एका पोरानं नीट उत्तर दिलं. तो लॉकडाउनच्या वेळी आई-बापाबरोबर कारखान्याच्या तळावर अडकला होता. एप्रिल २०२० मध्ये सरकारनं तोडणी कामगारांना गावी परतायची परवानगी दिली, तेव्हा ते परत आले. मी म्हटलं, तुम्हाला तिकडे राहावं लागलं ना? तो म्हणाला, ‘लागलं नाही काका. ठेवलं.’ सातवीतलं पोर. मी ते वहीत लिहून ठेवलं आहे.

गेल्या दसऱ्यानंतर आमच्या गावालगतच्या वस्तीवरून चाललो होतो. गाठोडी बांधून झाली होती. पत्र्याची पेटी, तवा, पाण्याची घागर, कोंबड्यांची डालगी, सगळं रस्त्याच्या कडेला. एक बाई चार-पाच वर्षांच्या पोरीची वेणी घालत होती. मी विचारलं, कधी निघणार?

‘गाडी लागली की.’

मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, ‘हिला लिंबू घ्यायचं राह्यलंय. गाडी लागती हिला.’